‘तुमच्या गेममध्ये व्हायरस आहे’: एका तक्रारीचे प्रकरण

संगणक शिकण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या एका अंध विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी एक ध्वनिखेळ उतरवून घेतला. ध्वनिखेळ म्हणजे पडद्यावर काहीही न दाखवता केवळ आवाजावर चालणारा खेळ. शत्रू डावीकडून येत असेल तर त्याची पावले डाव्या कानात वाजतात, दरवाजा जवळ आला की वाऱ्याचा झोत मोठा होतो, आणि खेळणारा हेडफोन लावून बाणांच्या कळांवर सारा डाव खेळतो. हा खेळ परदेशातल्या एका हौशी प्रोग्रामरने नोकरी सांभाळून, सुट्टीचे दिवस आणि रात्री खर्चून केला होता आणि फुकट दिला होता.

विद्यार्थ्याने झिप फाइल उलगडली, फोल्डर उघडला आणि खालच्या बाणाने एकेक नाव ऐकू लागला. ‘साउंड्स’ हा आतला फोल्डर होता, ‘रीडमी’ ही माहितीची फाइल होती, आणि तिथेच यादी संपली. खेळ सुरू करणारी मुख्य फाइल यादीत नव्हती. त्याने झिप पुन्हा उलगडली. या वेळी फाइल ऐकू आली, त्याने एंटर दाबले, दोन-तीन क्षण काहीच झाले नाही, आणि पुन्हा वर-खाली फिरून पाहतो तो फाइल नाहीशी झालेली. ‘सर, गेम गेला,’ तो म्हणाला. मधल्या क्षणांत पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने विंडोजची एक सूचना वाचायला सुरुवात केली होती. पण नको असलेले बोलणे कंट्रोल कळ दाबून तोडण्याची सवय स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांच्या बोटांत इतकी मुरलेली असते की त्या सूचनेचे दोन शब्दही त्याने पुरते ऐकले नाहीत. डोळस माणसाला पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेली चौकट दिसली असती, आणि ती वाचली नसती तरी काहीतरी घडले एवढे कळले असते. त्याच्यापुरते एवढेच होते की खेळ होता, आणि मग नव्हता.

घरच्या संगणकाची देखभाल करणाऱ्याने ‘व्हायरस असेल’ असा निर्वाळा दिला. त्यावर विद्यार्थ्याने विकसकाला तीन वाक्यांचे पत्र धाडले: गेम चालत नाही, त्यात व्हायरस आहे, दुरुस्त करून पाठवा. चौथ्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले, की अँटिव्हायरसमध्ये या फोल्डरला तपासणीतून सूट द्या. विद्यार्थ्याच्या मोठ्या भावाने ते साफ नाकारले, कारण त्याच संगणकावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब होता. भावाचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. विकसकाच्या एका ओळीत तुटकपणा होता हेही खरे. पण त्या ओळीमागे काय साचलेले असते, ते समजून घेण्यासाठी या प्रकरणाच्या तळाशी जावे लागते.

खेळ कशात घडला होता

हा खेळ बीजीटीमध्ये, म्हणजे ब्लास्टबे गेम टूलकिटमध्ये लिहिलेला होता. स्वीडनमधल्या ब्लास्टबे स्टुडिओजने हे साधन काढले. ‘क्यू-नाइन’सारखे स्वतःचे ध्वनिखेळही या स्टुडिओने केले होते, आणि ते चालवणारा प्रोग्रामर स्वतः अंध असल्यामुळे साधनाची रचना आतून जाणणाऱ्याची होती. चित्रमय संपादक नाही, माउसने ओढायच्या वस्तू नाहीत. नोटपॅडमध्ये अँजेलस्क्रिप्ट या भाषेत मजकूर लिहायचा आणि साधनाने तो चालवायचा. एका ओळीत स्क्रीन रीडरकडून वाक्य बोलवून घेता येते. आवाजाला जागा नेमून दिली की खेळाडू चालेल तसा तो आवाज कोणत्या कानात आणि किती मोठा वाजायचा, हे साधनातला तयार भाग सांभाळतो. लिहून झाले की सगळ्याची मिळून एक चालती फाइल तयार होते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही विंडोज संगणकावर चालते. पुढे हे साधन फुकटही झाले. शाळकरी वयाच्या अंध मुलांनी आपला पहिला खेळ यातच लिहिला, असे या क्षेत्रात सर्रास घडले. अंधांसाठी खेळ करणाऱ्यांची एक अख्खी फळी या एका दारातून आत आली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गोची त्या शेवटच्या टप्प्यात होती. बीजीटीने तयार केलेल्या प्रत्येक फाइलमध्ये साधनाचा स्वतःचा चालक भाग तोच असतो आणि त्याच्या पाठीला त्या-त्या खेळाचा मजकूर वाचता न येईल अशा बांधीव रूपात जोडलेला असतो. अँटिव्हायरस जेव्हा अशी फाइल तपासतो तेव्हा त्याला आतल्या खेळाचा अर्थ कळत नाही. त्याला ओळखीचा चालक भाग आणि न उलगडणारे गाठोडे एवढेच दिसते, आणि दुष्ट प्रोग्राम लिहिणारेही नेमकी हीच बांधणी वापरतात. ऑटोइट या स्क्रिप्टभाषेतून तयार केलेल्या निरुपद्रवी प्रोग्रामांनाही हाच जाच वर्षानुवर्षे होत आला आहे, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या मजकुराची एक फाइल बांधणाऱ्यांनाही. त्यात ध्वनिखेळाचे रूपच संशयाला पोषक असते, असे मला वाटते. खिडकी उघडते पण तिच्यात काहीच चितारले जात नाही, प्रोग्राम सतत कळांवर लक्ष ठेवतो, आणि खेळ ऑनलाइन असेल तर दूरच्या सर्व्हरशी बोलतो. कळा चोरणाऱ्या प्रोग्रामचे वर्णन करायला सांगितले तर कोणी याहून वेगळे करणार नाही.

एकदा का अशा फाइलींच्या समान भागावर संशयाची खूण बसली की ती एका खेळापुरती राहत नाही. एखाद्याने या साधनात खरोखरच खोडसाळ काही लिहिले असेल, किंवा अँटिव्हायरसच्या अंदाजाने नुसतीच गफलत केली असेल, फटका मात्र त्या साधनातल्या सगळ्यांना बसतो.

पूर्वी हा फटका विखुरलेला असे. कोणाकडे एक अँटिव्हायरस, कोणाकडे दुसरा, पुष्कळांकडे कोणताच नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच घातला, आणि अनोळखी प्रकाशकाची फाइल अडवणारी स्मार्टस्क्रीन ही सोयही याच आवृत्तीपासून विंडोजचा अंगभूत भाग झाली. हे सर्वसामान्य वापरकर्त्याच्या भल्याचेच होते. पण त्यामुळे खोटा इशारा आला की तो एकाच दिवशी बहुतेक सगळ्या खेळाडूंना येऊ लागला, आणि सगळे जण एकाच पत्त्यावर लिहू लागले.

पत्ता कोणाचा

तक्रार कुठे जाते, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. चूक अँटिव्हायरस कंपनीच्या अंदाजात आहे, तिला निमित्त साधनाच्या बांधणीचे आहे, आणि साधनाचे काम तर केव्हाच थांबलेले आहे. ब्लास्टबेने बीजीटीचा विकास पुढे बंद केला आणि त्याचा मूळ कोड खुला नसल्यामुळे दुसऱ्या कोणाला त्यात हात घालणे शक्य नव्हते. अँटिव्हायरस कंपनीकडे दाद मागायची तर तिचा फॉर्म इंग्रजीत, बहुधा विकसकांसाठी असलेला, आणि कधी चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा. रीडमीच्या शेवटी मात्र एक ईमेल पत्ता असतो. तो वाचता येतो आणि त्याच्या मागे माणूस असतो, म्हणून सगळ्या तक्रारी तिथे जातात. ज्याला दुरुस्ती करणे सर्वांत कमी शक्य आहे त्याच्याच दारात सर्वांत मोठी रांग लागते.

मोठ्या स्टुडिओचे चित्र वेगळे असते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा नॉटी डॉगचा खेळ १९ जून २०२० रोजी आला तेव्हा त्यात सुलभतेसाठीचे ६० हून अधिक पर्याय होते आणि पूर्ण अंध खेळाडूंना तो आरंभापासून शेवटपर्यंत खेळता आला. तिथे सुलभतेचे काम पगारी माणसे करतात, अपंग खेळाडूंना सल्लागार म्हणून नेमले जाते, आणि रागाने लिहिलेले पत्र ज्याने कोड लिहिला त्याच्या हाती पडण्याआधी दोन-तीन टेबलांवरून जाते. ध्वनिखेळांच्या जगात असे टेबलच नसते. कोड लिहिणारा, आवाज जमवणारा, सर्व्हरचे भाडे भरणारा आणि तक्रार वाचणारा हा बहुधा एकच माणूस असतो, आणि तक्रार तो झोपण्यापूर्वी अंथरुणात फोनवर वाचतो.

‘व्हायरस’ या शब्दाने त्याला काय होते, हे वेगळे सांगायला हवे. खेळ अवघड आहे, आवाज कर्कश आहे, तिसऱ्या टप्प्यात अडकायला होते, या तक्रारी खेळाबद्दलच्या असतात आणि त्यांतून खेळ सुधारतो. व्हायरसची तक्रार त्याच्या नीतीबद्दल असते. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसेलही, पण वाचणाऱ्याला त्यात ‘तू आम्हाला फसवलेस’ हेच ऐकू येते. शिवाय अंध खेळाडूंचा समाज लहान आहे. एकाचा संशय दुसऱ्याच्या कानावर संध्याकाळपर्यंत जातो, आणि पाच जणांनी तो उच्चारला की त्याची बातमी होते.

मग विकसक काय करतो? आधी फाइल व्हायरसटोटलवर चढवतो. तिथे ७० हून अधिक तपासणी-यंत्रणा एकाच वेळी निकाल देतात, आणि त्यांतल्या आठ-दहांनी जरी लाल खूण केली तरी तो निकाल खेळाडूंना दाखवण्याजोगा राहत नाही. मग लाल खूण करणाऱ्या एकेका कंपनीकडे फाइल पाठवून ‘हा इशारा चुकीचा आहे’ असे कळवतो. मायक्रोसॉफ्टने यासाठी विकसकांना फाइल धाडण्याची सोय ठेवलेली आहे आणि तिथून निकाल येतोही. काही कंपन्या उत्तर देतात, काही देत नाहीत. पण खेळातली एक छोटी चूक दुरुस्त करून नवी फाइल बांधली की तिची डिजिटल ओळख बदलते, आणि जुन्या फाइलीला मिळालेले अभय नव्या फाइलीला आपोआप लागू होईलच असे नाही. म्हणजे खेळाडूच्या एका खऱ्या तक्रारीवरून चूक दुरुस्त करावी, तर त्यातून खोट्या इशाऱ्याच्या तक्रारींची नवी फेरी सुरू होते. दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो तो इथे. वरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. प्रत्यक्षात तो हिशेब असतो.

पैसे खर्चून यातून थोडी वाट काढता येते. प्रकाशकाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र घेऊन फाइलीवर सही करता येते, आणि त्या सहीच्या नावावर विश्वास हळूहळू साचत जातो. पण असे प्रमाणपत्र साधारणतः वर्षाला काही शे डॉलरांना पडते, आणि १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली, म्हणजे सही करण्यासाठी लागणारा गुप्त संकेत, सुरक्षित हार्डवेअर उपकरणात ठेवणेही बंधनकारक झाले आहे. जो खेळ फुकट वाटला जातो त्यासाठी दरसाल एवढे कोण घालणार? आणि किंमत लावावी, तर ‘अंधांकडून पैसे घेतो’ ही निराळी तक्रार दारात उभी असतेच.

तक्रारीने बदललेल्या गोष्टी

या साऱ्याचा परिणाम केवळ मनस्तापापुरता राहिला नाही, तो खेळांच्या घडणीत उतरला. बीजीटीतल्या बऱ्याच खेळांच्या रीडमीत पहिला परिच्छेद कथेचा किंवा कळांचा न राहता अँटिव्हायरसचा झाला. काहींनी झिप फाइलीला परवलीचा शब्द लावून ती द्यायला सुरुवात केली, म्हणजे निदान उतरवताना तरी ती अडवली जाऊ नये. हा उपाय मला कधीच पटला नाही. परवलीचा शब्द लावलेली झिप हीच खऱ्या दुष्ट प्रोग्रामांची आवडती वाट असते, आणि ‘अँटिव्हायरस बंद करा’ हे वाक्य ज्यांना एखाद्या विश्वासू माणसाच्या सांगण्यावर पुष्कळदा विसंबावे लागते त्या वापरकर्त्यांना सवयीचे करून देणे हे तर धोक्याचेच आहे. विकसकांनी हे वाक्य थकून लिहिले, हे समजते. ते लिहायला नको होते, हेही तितकेच खरे.

काही जण साधनच सोडून गेले. कोणी पायथनकडे वळले, कोणी प्युअरबेसिककडे, कोणी युनिटीकडे. नव्या साधनात जुना खेळ पुन्हा लिहायचा म्हणजे आवाज तेच, नकाशा तोच आणि तरी कित्येक महिन्यांचे काम. त्यामुळे पुष्कळ खेळ जुन्या रूपातच राहिले आणि त्यांचे कर्ते बाजूला झाले. यांतल्या प्रत्येकाच्या जाण्याला खोटा इशाराच कारण होता, असे कोणी म्हणू नये. शिक्षण संपते, नोकरी लागते, लग्न होते, हौस ओसरते. पण जो आधीच काठावर असतो त्याला रोजच्या चार पत्रांचा धक्का पुरतो.

तक्रारी मुळातच घातक असतात, असा याचा अर्थ काढणे मात्र चुकीचे होईल. जपानमध्ये केन्जी एनो या खेळकर्त्याने १९९७ साली सेगा सॅटर्नसाठी ‘रिअल साउंड: काझे नो रिग्रेट’ हा चित्र नसलेला, फक्त ऐकण्याचा खेळ काढला, तो अंध चाहत्यांशी आलेल्या संबंधातून. चित्रांवर बेतलेले खेळ ती मंडळी केवढ्या कष्टाने खेळतात हे त्याला कळले, आणि डोळस व अंध दोघांना सारख्याच पातळीवर खेळता येईल असे काही करावे असे त्याला वाटले. खेळाडू काय सांगतो त्याइतकेच तो कोणाला सांगतो याला महत्त्व आहे. एनोपाशी जे पोहोचले त्यावर काही करणे एनोच्या हाती होते. आपल्या विद्यार्थ्याचे पत्र ज्याच्यापाशी पोहोचले त्याच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते.

बीजीटीच्या बाबतीत कोंडी फुटली ती या दिशेने. एनव्हीजीटी, म्हणजे नॉन-व्हिज्युअल गेमिंग टूलकिट, हे साधन २०२४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुले झाले. भाषा तीच, अँजेलस्क्रिप्ट; धाटणीही बीजीटीच्या सवयीच्या हातांना ओळखीची; पण कोड सगळ्यांसमोर, आणि विंडोजखेरीज मॅक, लिनक्स व अँड्रॉइडसाठीही फाइली बांधण्याची सोय. सही नसलेल्या, नव्याने बांधलेल्या फाइलीकडे विंडोज आजही संशयानेच पाहते, तेव्हा इशारे कायमचे संपले असे समजण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की चालक भागात काही खटकणारे असेल तर ती तक्रार आता एका खेळकर्त्याच्या ईमेलात अडकून न पडता जिथे बदल करता येईल अशा ठिकाणी नेता येते. मला हा फरक लहान वाटत नाही.

दुसरे पत्र

आपल्या विद्यार्थ्याचा खेळ तेव्हा बीजीटीतच होता, त्यामुळे आम्हाला आहे त्यातूनच मार्ग काढणे भाग होते. आधी त्याच्याकडून विंडोज सिक्युरिटीमधील संरक्षणाचा इतिहास उघडून घेतला. तिथे धोक्याचे नाव इंग्रजीत, मध्ये विरामचिन्हे आणि शेवटी उद्गारचिन्हासकट दोन अक्षरे, असे काहीतरी होते. स्क्रीन रीडरने ते एका दमात वाचले की अर्थहीन आवाज होतो, म्हणून एकेक अक्षर ऐकून त्याने ते टिपून घेतले. या कामाला वीसेक मिनिटे लागली. मग पत्र लिहिले: विंडोजची आवृत्ती, अँटिव्हायरसचे नाव, धोक्याचे अचूक नाव, खेळाची आवृत्ती आणि फाइल कुठून उतरवली. सहाव्या ओळीत त्याने आपणहून लिहिले, की संगणकावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब असल्याने अँटिव्हायरसला सूट देणे आम्हाला जमणार नाही. पहिल्या पत्रातले ‘व्हायरस आहे’ गेले, त्या जागी ‘व्हायरस असल्याचा इशारा येतो’ आले. हा बदल मी सुचवलेला नव्हता.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आले आणि ते एका ओळीचे नव्हते. धोक्याचे नेमके नाव कळवणारे पत्र आपल्याला फार क्वचित येते, असे विकसकाने लिहिले होते. त्या नावानिशी त्याने फाइल तपासणीसाठी पाठवली होती आणि निकाल येईपर्यंत थांबा, सूट देऊ नका, असे स्वतःच सांगितले होते. दहाएक दिवसांनी इशारा थांबला. भाऊ शेजारी बसून असताना विद्यार्थ्याने झिप उलगडली, फोल्डरात तिन्ही नावे ऐकली आणि एंटर दाबले.

दीड महिन्याने खेळाची नवी आवृत्ती आली, आणि फाइल पुन्हा नाहीशी झाली. या वेळी मला कळले ते उशिरा, कारण त्याने विचारलेच नव्हते. जुन्या पत्रात आवृत्तीचा क्रमांक आणि धोक्याचे नाव बदलून त्याने ते रवाना केले होते. त्या आवृत्तीच्या रीडमीत पहिल्याच परिच्छेदात ‘इशारा आल्यास एवढे कळवा’ अशी पाच गोष्टींची यादी होती, आणि ‘अँटिव्हायरसला सूट द्या’ ही ओळ काढून टाकलेली होती. अर्थात ती रीडमी वाचली गेली ती मुख्य फाइल नाहीशी झाल्यावरच.